कृत्तिकांची काच

आज सकाळी पडदा सारला तर समोरचा रस्ता गायब होता. ट्रामची घंटा ऐकू आली, ट्राम दिसली नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेऊन येणारी बाई आधी खोकली, मग तिची टोपी दिसली, मग ती दिसली. नोव्हेंबर आला.

स्टुटगार्टच्या चारी अंगांना डोंगर आणि शहर मधल्या खळग्यात. इथले लोक त्या खळग्याला कढई म्हणतात. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात भट्टीपाशी वाढलेला माणूस. मला तो ओतकामाचा साचा वाटतो. नोव्हेंबरात त्या साच्यात काठोकाठ धुकं ओतलं जातं आणि आठ-आठ दिवस हलत नाही. मोटारी भरदिवसा दिवे लावून फिरतात. ज्याला भेटावं तो हवेला शिव्या देतो. मीही देतो. गिऱ्हाईक ज्याला शिव्या घालतं त्याला आपणही घालाव्यात, सौदा लवकर जमतो. पण माझा जीव त्या शिवीत नसतो. धुकं पडलं की मला लाज वाटायला लागते. दहा वर्षं झाली, तिला अजून गंज चढलेला नाही.

या धुक्याची वाट पाहणारा एकच माणूस मला माहीत होता. हेर ब्रेंडले; हेर म्हणजे इथलं श्रीयुत. तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात पोटमाळ्यावरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. नवा होतो, यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी करत होतो, आणि कुणी आपल्याला फसवतंय का याचा हिशेब सतत डोक्यात चालू असायचा. भाडं ठरवताना मी त्यांच्या बायकोशी, फ्राउ ब्रेंडलेंशी, इतकी घासाघीस केली की शेवटी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हा माणूस इंडियाचा नाही, आपल्याच श्वाबेनचा आहे." इथल्या श्वाबेन मुलखातली माणसं चिकटपणासाठी साऱ्या जर्मनीत प्रसिद्ध. मी ती पावती समजलो.

डोंगरमाथ्याजवळ, द्राक्षमळ्यांच्याही वर, ब्रेंडलेंची एक छोटी बाग होती. इथं शहरातली माणसं असा जमिनीचा तुकडा भाड्यानं घेतात, कोबी-बटाटे लावतात आणि मधे एक लाकडी खोपटं बांधतात. ब्रेंडलेंच्या खोपट्याचं छप्पर रुळांवर होतं. ढकललं की डब्यासारखं मागे सरकायचं, आणि आत दुर्बीण. तिच्या पाठीवर फोटोचा कॅमेरा बांधलेला.

"लोकांना वाटतं, धुकं पडलं म्हणजे आकाश गेलं," ते मला पहिल्या दिवशी म्हणाले. "अहो हेर माने, गेलं ते शहर! चला, दाखवतो."

संध्याकाळी सातची वेळ. आम्ही धुक्यातून पायऱ्या चढत होतो. मळ्यांच्या दगडी बांधांना ओल सुटलेली, वेलींवर चुकून राहिलेले काळे घड, त्यांचा आंबूस वास. अंगरख्यावर दव. आणि मग, पोहणाऱ्याचं डोकं पाण्याबाहेर यावं तसं आमचं डोकं धुक्याबाहेर आलं. खाली पांढरं, सपाट, मुकं. लाखो दिव्यांचं शहर त्याखाली गाडलेलं, एक ठिणगी वर येत नव्हती. चर्चची घंटा वाजली ती पायांखालून. आणि वर असा काळोख, असे तारे, की मी मान खाली घातली. कोल्हापुरात असंच आकाश रोज डोक्यावर असायचं. फुकट मिळतं म्हणून मी कधी पाहिलंच नव्हतं.

"याहून काळं आकाश मी युद्धात पाहिलंय," ब्रेंडले म्हणाले. "दिवे लावायची बंदी होती. पण तेव्हा वर बघायची भीती वाटायची." एवढंच बोलले आणि छप्पर ढकलायला लागले.

ताऱ्यांचा फोटो कसा काढतात ते सांगायला हवं. उजेड इतका कमी की काच दोन-दोन तास उघडी ठेवावी लागते. फोटोची काच, एका अंगाला उजेड टिपणाऱ्या मसाल्याचा थर दिलेली. तेवढ्यात तारे सरकतात. म्हणून दुर्बिणीत एक तारा धरायचा, बरोबर आडव्या-उभ्या तारांच्या फुलीवर, आणि तो फुलीवरून ढळू नये म्हणून हातानं एक मूठ हळूहळू फिरवत राहायचं. दोन तास. फुली कोळ्याच्या धाग्याची होती. फ्राउ ब्रेंडलेंना कोठीतली जाळी झाडायची परवानगी नव्हती. क्षणभर डोळा चुकला, हात अडला, की काचेवर ताऱ्याच्या ठिपक्याची अळी होते.

त्या मुठीनं एक दातेरी चाक फिरायचं. ब्रेंडलेंनी ते स्वतः कानशीनं घासून केलेलं. मी मूठ फिरवून पाहिली आणि हसलो.

"हे चाक कुणी कापलं? सुतारानं?"

"इंजिन ड्रायव्हरनं," ते म्हणाले. आणि माझ्याहून मोठ्यानं हसले.

मी तीन आठवडे कारखाना सुटल्यावर थांबून, फोरमनच्या हातापाया पडून, तीनशे साठ दात्यांचं पितळी चाक कापलं. एकेक दाता भिंगातून तपासला. बसवलं तेव्हा मूठ लोण्यात फिरावी तशी फिरली. ब्रेंडले बराच वेळ नुसती फिरवत राहिले. "या," म्हणाले, "या, या." या म्हणजे हो. जर्मन माणूस तीनदा या म्हणाला म्हणजे आपल्याकडे गळ्यात हार घातल्यासारखं आहे. त्या हिवाळ्यातल्या त्या दोन महिन्यांत मी सुखी होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण सुखी होतो म्हटलं की पुढचं सांगावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकायची. काच कॅमेऱ्याच्या चौकटीत बसवायची ती पूर्ण अंधारात, घराच्या तळघरात. लाल दिवाही चालायचा नाही. मग मसाल्याची बाजू कोणती, हे कसं ओळखायचं? ब्रेंडले काचेचा कोपरा ओठाला लावायचे. मसाल्याची बाजू ओठाला किंचित चिकटते, कोरी काच चिकटत नाही. सगळे जुने फोटोवाले असंच करतात.

मी मटण खातो, कोल्हापूरचाच आहे. पण उष्टं नाही. लहानपणी ज्या भट्टीमालकाच्या घरी राहिलो तिथं मला जेवायला मिळायचं ते त्यांच्या ताटात उरलेलं. भात कुणाच्या बोटांनी कालवलेला आहे ते मला ओळखता यायचं. तिथून निघालो तेव्हा ठरवलं होतं, पुन्हा कुणाच्या तोंडची वस्तू हातात घेणार नाही. आता ही काच म्हणजे काही जेवण नव्हे, हे मलाही कळत होतं. पण अंधारात तो ओठांचा 'पच्' आवाज आला की मी दोन पावलं मागे सरायचो. मी हुशारीनं मार्ग काढला. म्हणालो, "तुम्ही वर दुर्बीण लावा, काच मी भरून आणतो. वेळ वाचेल." आणि ओठाऐवजी नखानं ओळखायला लागलो. कोपऱ्यावर नख ओढायचं. मसाला नखाला मऊ लागतो. जमत होतं.

आता माझं गाऱ्हाणं. ते मी अजून सोडलेलं नाही.

आकाश पाहणाऱ्या हौशी लोकांची एक मंडळी होती. महिन्यातून एकदा एका खानावळीच्या मागच्या खोलीत जमायची. ब्रेंडलेंनी तिथं आमचे फोटो पडद्यावर दाखवले. तारे टाचणीच्या टोकासारखे गोल. लोकांनी टेबलावर मुठी आपटल्या; ही इथली टाळ्यांची रीत. अध्यक्षांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "आणि हे गृहस्थ?"

"हेर माने," ब्रेंडले म्हणाले. "माझे गेहिल्फे."

गेहिल्फे म्हणजे हाताखालचा माणूस. मदतनीस. कुणीतरी मागून विचारलं, इंडियात तारे हत्तीवर बसून बघतात का? मी म्हणालो, "हत्ती झोपला की." सगळे हसले, मीही हसलो. चाकाबद्दल अवाक्षर निघालं नाही.

परत येताना ट्राममधून उतरल्यावर मी फुटपाथवरच उभा राहिलो. "चाक माझं आहे!"

"कोण नाही म्हणतंय?" ब्रेंडले गोंधळले.

"तुम्ही हो म्हणाला नाहीत! तिथं सांगायचं होतं. चारचौघांत."

ते विचार करत राहिले. खरोखर करत होते. मग म्हणाले, "माझ्या इंजिनावर कोळसा टाकणाऱ्याचं नाव कधी लिहिलं नव्हतं. माझंही नव्हतं. गाडी वेळेवर पोचायची."

मी आणखी तापलो. चार दिवस जेवढ्यास तेवढं बोललो. आजही कुणी विचारलं तर सांगेन, त्यांनी बोलायला हवं होतं. एक वाक्य. त्यांचं काय जाणार होतं?

पाचव्या दिवशी उत्तम धुकं पडलं. ब्रेंडलेंना कृत्तिका हव्या होत्या. त्या सात-आठ ताऱ्यांभोवती धुरासारखा एक पुसट पदर आहे, डोळ्यांना दिसत नाही, काचेवर दोन तासांनी उमटतो. तो पदर त्यांना धरायचा होता. आणि घाई होती. वय सदुसष्ट. त्यांनी मला पूर्वीच सांगून ठेवलं होतं, "तीस वर्षांत मी एकही लाल सिग्नल ओलांडला नाही, हेर माने. डोळा आहे तोवर. ज्या दिवशी माझा तारा चालायला लागेल त्या दिवशी दुर्बीण बंद. सिग्नल दिसेनासा झालेल्या माणसानं इंजिनावर चढू नये." डोळ्यांचे डॉक्टर, फ्राउ ब्रेंडले, मंडळीतले लोक, सगळे म्हणायचे, डोळे छान आहेत. त्यांना वाटायचं, हे सगळे आपलं मन राखतात.

मी तळघरात काच भरली. सफरचंदांच्या पेट्या, बटाटे, आंबलेल्या रसाच्या पिंपांचा वास. बोटं गारठलेली, आणि दिवसभर लेथवर काम करून नखं झिजून बोथट झालेली. नख ओढलं, कळेना. उलटून ओढलं, तेही तसंच. वर जाऊन विचारलं असतं तर ब्रेंडले म्हणाले असते, "ओठ लावा, झालं." मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. त्या दिवशी तर नाहीच. अंदाजानं भरली.

एरवी आम्ही अर्धा-अर्धा तास आळीपाळीनं मूठ धरायचो. त्या संध्याकाळी मी उलट्या बादलीवर बसून राहिलो. गेहिल्फे म्हणालात ना? मग धरा. फ्राउ ब्रेंडलेंनी शेगडीवर तापवून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट दिली होती, ती मी माझ्या मांडीवर ठेवली. दोन तास दहा मिनिटं तो म्हातारा एका डोळ्यानं कोळ्याच्या धाग्याकडे बघत होता. इंजिनाशी बोलतात तसं ताऱ्याशी बोलत होता, हळू, "ये. ये. असं." त्यांच्या मिशीवर दव गोठलं. शेवटी कॅमेरा मिटला, आणि ते सरळ होताना कण्हले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आज नाही हलला. मला वाटतं, एकदाही नाही."

काच मीच धुतली. अंधारात घड्याळाचे टोले मोजून एका तबकात, मग दुसऱ्या. मग दिवा लावला आणि काच उचलून धरली.

कृत्तिका उलट्या होत्या. कॅमेऱ्यात काच उलटी बसली होती. उजेड आधी कोऱ्या काचेतून गेला, मग मसाल्यापर्यंत पोचला. काचेच्या जाडीएवढा फोकस चुकला. तारे टाचणीसारखे नव्हते, कापसाच्या बोंडासारखे फुगले होते. त्या धुरकट पदराचा पत्ता नव्हता. चूक माझी, सरळ माझी, आणि तीही कशापायी, तर ओठापायी.

जिन्यावर त्यांची पावलं वाजली. मी काच बटाट्यांच्या पेटीमागे सरकवली. हाताशी एक वाया गेलेली कोरी काच होती, ती बादलीत आपटली. एवढं सुचलं मला. तेवढ्या वेळात.

"काय, मिळाल्या?"

"फुटली," मी म्हणालो. "हात गारठले होते."

ते खाली आले. बादलीकडे बघितलं. "सगळीच?"

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. म्हातारा म्हणाला असता, असो, उद्या पुन्हा. पण मग फुटण्याचा दोष माझ्या नावावर राहिला असता, आणि त्या आठवड्यात माझ्या नावावर काहीही ठेवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

"तशीही कामाची नव्हती," मी म्हणालो. "फुटायच्या आधी पाहिली. तारे लांबलेत."

"लांबलेत?"

"अळ्या झाल्यात. सगळ्यांच्या."

त्यांनी पिंपावर हात टेकला. मग त्यांनी कारागिराचा प्रश्न विचारला. "कुठल्या दिशेला? पूर्व-पश्चिम असतील तर चाकात काही असेल. उत्तर-दक्षिण असतील तर डोळा; तिकडे चाक फिरतच नाही."

वाट उघडी होती. पूर्व-पश्चिम म्हणालो असतो तर म्हातारा पुढच्या धुक्यात पुन्हा वर चढला असता. पण चाक माझं होतं.

"उत्तर-दक्षिण," मी म्हणालो.

"या," ब्रेंडले म्हणाले. एकदाच. मग, "बरं झालं सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंगं पुसून, कापडात गुंडाळून पेटीत ठेवली. वसंत ऋतूत मी दुसऱ्या गावी खोली घेतली, तेव्हा त्यांनी मला बागेत बोलावलं. दुर्बीण विकणार असतील, असा माझा अंदाज होता. तिच्यातल्या सगळ्या खोडी मी मनात तयार करून गेलो होतो, भाव पाडायला. नळीला पोचा, तिवई लाकडी, भिंगाच्या काठाला टवका.

"घेऊन जा," ते म्हणाले. "चाक तर तुमचंच आहे."

माझ्या आयुष्यात मी केलेल्या सौद्यांपैकी हा एकच, ज्यात समोरच्यानं किंमतच सांगितली नाही. आणि जे वाक्य मला चारचौघांत हवं होतं ते मला कोबीच्या वाफ्यांत मिळालं, ऐकायला कुणी नव्हतं.

पुढं मी स्वतः खूप फोटो काढले. धंदा जमला, स्टुटगार्टला परतलो, गाडी आली, गाडी घेऊन काळोखाच्या जागी गेलो. कृत्तिका दर हिवाळ्यात लावतो. वीस मिनिटं जमतं, मग अळ्या. दोन तास दहा मिनिटं एकट्यानं तारा धरणं म्हणजे काय, हे ती मूठ हातात आल्यावर कळलं. माझं चाक अजून लोण्यात फिरतं. चाकाचा दोष कधीच नव्हता, एवढंच खरं बोललो होतो.

ब्रेंडले गेल्या फेब्रुवारीत वारले. मी तेव्हा उत्तरेकडे यंत्रांच्या प्रदर्शनात होतो. मातीला जाता आलं असतं, गेलो नाही. गेल्या रविवारी मात्र ती काच वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून फ्राउ ब्रेंडलेंकडे गेलो. सांगायचंच, असं ठरवून. त्यांनी सफरचंदाचा केक कापला. कोठीत जाळी नव्हती.

"तो तुमची आठवण काढायचा," त्या म्हणाल्या. "धुकं पडलं की खिडकीकडे पाठ करून बसायचा. नऊ वर्षं तसाच बसला. मी म्हणायची, जा रे वर, डॉक्टर म्हणताहेत डोळे चांगले आहेत. तर म्हणायचा, तुम्ही सगळे मला गोंजारता. एकटे हेर माने खरं बोलले. गेनाऊ, अगदी असंच म्हणायचा."

मी केक खाल्ला. आणखी एक तुकडा घ्या म्हणाल्या, तोही खाल्ला. पिशवी पायाशी होती. परत येताना मनाशी भाव करत होतो: बाई ऐंशीच्या घरात, तिचा समज गोड आहे, कशाला मोडायचा? सांगून माणूस परत येणार आहे का? मोठा दयाळू झालो होतो मी ट्रामपर्यंत.

आणि आता हे मराठीत लिहायला बसलोय. फ्राउ ब्रेंडलेंना मराठी वाचता येत नाही. म्हणजे कबुलीतसुद्धा मी अर्ध्यावर तोडायला बघतोय. सवय जात नाही.

ती काच समोर आहे. खिडकीत धरली. बाहेर धुक्याचा पांढरा, सारखा उजेड. याहून चांगला पडदा फोटोवाल्याला मिळणार नाही. काचेवर तारे काळे उमटतात, पांढऱ्यावर काळे. काच फिरवून मागून पाहिलं, तर कृत्तिका बिनचूक आपापल्या जागी. फुगलेल्या आहेत, पुसट आहेत. भिंग घेऊन एकेक तपासला, जसे चाकाचे दाते तपासले होते. गोल. सगळे गोल. उत्तरेला नाही, दक्षिणेला नाही, केसभर ओढलेला नाही. हे मला त्या तळघरातही दिसलं होतं.

कोपरा ओठाला लावून पाहिला. इतक्या वर्षांनीही किंचित चिकटतो.

आज पुन्हा रविवार आहे. फ्राउ ब्रेंडले चार वाजता कॉफी घेतात. काच गुंडाळून दाराशी ठेवली आहे. वाक्य जर्मनमध्ये तयार करून ठेवलंय, लहानच आहे, त्यात कमीजास्त करायला जागा नाही: तारा हलला नव्हता.